तीन उचक्यांची चटणी

कोल्हापुरात एखाद्याला चोर म्हणा, तो एक वेळ हसून सोडून देईल. पण "तुम्हाला तिखट झेपत नाही काय हो?" असं विचारून बघा. त्याच्या सात पिढ्यांना नावं ठेवल्यासारखा त्याचा चेहरा होतो. मग तो हट्टाने तांबड्या रश्श्याची आणखी एक वाटी मागवणार, डोळ्यांतनं पाणी गळत असताना ती एका दमात पिणार, मिशा पुसणार आणि वर म्हणणार, "आज जरा आळणीच झालाय." अशा या गावात मीनाबाई कांबळेला तिखट लागायचं. साधंसुधं नाही, भयंकर लागायचं. आणि तरी सिद्धार्थनगरात सगळ्यात झणझणीत चटणी कुणाच्या हातची असं विचारलं, तर शेंबडं पोरसुद्धा तिच्याच दाराकडे बोट दाखवायचं.

आता हे कसं जमलं, ते सांगायला हवं. मीना मूळची पेठ वडगावची. सत्त्याहत्तर साली लग्न होऊन ती कोल्हापुरात आली. नवरा केरबा उद्यमनगरातल्या कारखान्यात टर्नर, मोजमापाचा पक्का माणूस. सासू झुंबरबाई, तिचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना एकदम पोचायचा. पहिल्याच दिवशी सासूने नव्या सुनेच्या ताटात सुक्कं मटण वाढलं आणि समोर मांडी ठोकून बघत बसली. मीनाने घास गिळला आणि तिला उचकी लागली. ठसका नाही, नाकडोळ्यांतनं पाणी नाही, नुसती उचकी. एक झाली, दोन झाल्या, दहा झाल्या, तरी थांबायचं नाव नाही.

"का गं, तिखाट लागलं व्हय?" झुंबरबाईने विचारलं.

पोर अठरा वर्षांची, पण डोकं तरतरीत. ती म्हणाली, "न्हाय की आत्या. आई आठवण काढत आसंल."

झुंबरबाईचा जीव हळहळला. तिने सुनेच्या पाठीवरनं हात फिरवला आणि प्रेमाने आणखी दोन फोडी वाढल्या. झालं, तिथनं पुढे मीनाची आई रोज दोन वेळा, बरोबर जेवणाच्या वक्ताला, लेकीची आठवण काढायला लागली. रविवारी मटण असलं की जास्तच. गल्लीत बोलबाला झाला की वडगावची माणसं लई मायाळू. पलीकडच्या गल्लीतला हंबीरराव, केरबाचा दोस्त, घरी जेवायला आला की पहिल्या उचकीलाच विचारायचा, "काय वैनी, वडगावची तार आली वाटतं?" एक्याण्णव साली आई वारली. जलदानाचा कार्यक्रम उरकून सगळे जेवायला बसले आणि मीनाबाईला उचकी लागली. पंगतीतले हात जागच्या जागी थांबले. मीनाबाई क्षणभर गडबडली, मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "धाकटी मावशी आसंल." त्या दिवसापासून ते खातं मावशीकडे गेलं. मावशी बिचारी शाहूवाडीकडे कुठेतरी भात लावत असायची, तिला याचा पत्ताही नव्हता.

आणि चटणी? त्याचं गुपित स्वयंपाकघराच्या दाराआड होतं. बाकीच्या बायका मिरच्या तोलून घ्यायच्या, इतकी बेडगी, इतकी संकेश्वरी. पण मिरची काही दर वर्षी एकसारखी येत नाही. पाऊस कमी झाला की तिखट जास्त, ऊन चुकलं की कमी, त्यामुळे कुणाची चटणी यंदा जाळ, तर पुढच्या वर्षी नुसता लाल रंग. मीनाबाई मात्र डंक्यावरनं कुटून आणलेली चटणी घेऊन दाराआड जायची, आगपेटीच्या काडीचं मागचं टोक चटणीत बुडवायची, जिभेला लावायची आणि मोजायची. तीन उचक्या आल्या की चटणी बरोबर. दोनच आल्या तर संकेश्वरी वाढवायची, चार आल्या तर खोबरं आणि भाजलेला कांदा. काडी तीच, टोक तेच, मधे चूळ भरून पाच-दहा मिनिटं थांबणं तेच. वीस वर्षं साठ घरांत तिची चटणी गेली आणि एकाही घरातनं तक्रार आली नाही. केरबा कारखान्यात छाती फुगवून सांगायचा, "आमच्या मंडळीची जीभ म्हंजे लोखंड हाय."

शहाण्णव साली मीनाबाई एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायच्या कामाला लागली. हंबीरराव त्याच कॉलेजात वॉचमन होता, त्यानेच शब्द टाकला होता. दोन वर्षांनी तिथे शिवानी आली. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याची लेक, चष्मिस, हसरी, पीएच.डी. करायला आलेली. विषय काय, तर मिरचीचा तिखटपणा मोजणे. मीनाबाईला वाटलं पोरगी थट्टा करतेय. "तिखाट काय कापाड हाय व्हय, मोजायला?" ती म्हणाली.

शिवानीने तिला स्टुलावर बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. मिरची वाळवायची, दळायची, तोलून स्पिरिटमध्ये चोवीस तास भिजत घालायची. गाळून अर्क काढायचा. तो साखरपाण्यात पातळ करायचा, पाच हजार पट, वीस हजार पट, पन्नास हजार पट, असे बारा पेले. मग पाच माणसं बसवायची आणि त्यांना आधी सगळ्यात पातळ पेला द्यायचा, मग जरा दाट, मग त्याहून दाट. कुठल्या पेल्यात किती अर्क आहे ते चाखणाऱ्याला कळता कामा नये, म्हणून पेल्यांवर नुसते आडवेतिडवे आकडे. दर पेल्यानंतर चूळ भरायची, कोरडा पाव खायचा, पाच मिनिटं थांबायचं. ज्या पेल्याला पाचातली तिघं लिहितील 'तिखट लागलं', तिथे थांबायचं. तो पेला जितके पट पातळ, तितका त्या मिरचीचा आकडा. हे काम करणारं यंत्र असतं म्हणे, पण ते कॉलेजकडे नव्हतं. मीनाबाई मान हलवत ऐकत होती आणि मनात म्हणत होती, अगं बाई, ही तर माझीच काडी.

पद्धत सोळा आणे होती. घोटाळा एवढाच की चाखायला बसवलेली पाचही माणसं कोल्हापूरची होती.

हंबीरराव स्पिरिटचं नाव ऐकूनच सगळ्यांच्या आधी येऊन बसला. मग ऑफिसातले क्लार्क बाळासो, एक माळी, एक ग्रंथालयातला शिपाई आणि एक स्टोअरकीपर. पहिला पेला झाला, पाचही कागदांवर 'लागलं न्हाय'. ठीक आहे, खरंच लागलं नसेल. पाचवा पेला झाला, 'लागलं न्हाय'. आठव्याला बाळासोंच्या टकलावर घाम फुटला, 'लागलं न्हाय'. दहाव्याला माळ्याचे कान लालबुंद झाले आणि हंबीररावाच्या नाकातनं धार लागली. शिवानीने विचारलं तर म्हणाला, "पंख्याचं वारं बाधतंय मला." बारावा पेला शिवानीने हातात रबरी मोजे घालून भरला होता. तो पिऊन बाळासो दोन मिनिटं खिडकीबाहेर एकटक बघत राहिले आणि कागदावर लिहिलं, 'साखर जरा जास्त झाली आहे.'

उदयसिंह सर म्हणजे शिवानीचे मार्गदर्शक. त्यांनी कागद बघितले आणि कपाळाला हात लावला. "ह्या कागदांप्रमाणं संकेश्वरी ही ढब्बूपेक्षा गोड मिरची हाय," ते म्हणाले. "परीक्षकांना काय सांगू? ह्याचा हलवा करा म्हणू?"

शिवानीने पुठ्ठ्यांची खोकी उभी करून पाच आडोसे केले, म्हणजे एकाला दुसरा दिसायला नको. काही उपयोग झाला नाही. हंबीरराव आडोशात बसून ढसाढसा रडला आणि कागदावर 'न्हाय' लिहून बाहेर आला. "अहो काका, आत तुम्हाला कोण बघत होतं?" शिवानीने विचारलं. तो म्हणाला, "कागुद बघतोय की." असे दोन महिन्यांत सहा वेळा पेले भरले गेले आणि सहाही वेळा संकेश्वरी गोडच निघाली.

एका दुपारी सगळे गेल्यावर मीनाबाई पेले धुवायला घेत होती. सगळ्यात पातळ पेल्यातलं साखरपाणी बरंच उरलं होतं. ऊन मी म्हणत होतं, साखरपाणी वाया घालवायचं तिच्या जिवावर आलं, आणि ज्या पाण्याला पाच माणसं सहा वेळा गोड म्हणाली ते गोडच असणार, म्हणून तिने घोटभर प्यायलं. उचकी. तिने पेला खाली ठेवला. पुन्हा उचकी.

शिवानी टेबलापाशी लिहीत होती, तिने मान वर केली. "काय झालं मावशी?"

"काय न्हाय. आमची मावशी आठवण काढतीया."

शिवानी हसली. पण शास्त्राचं शिकलेली पोर, तिने पेल्यावरचा आकडा बघितला आणि तिचं हसू थांबलं. ती उठली, तीन स्वच्छ पेले घेतले. दोनांत नुसतं साखरपाणी, एकात अर्काचा अंश. पाठ फिरवून पेल्यांची अदलाबदल केली आणि तिन्ही मीनाबाईपुढे ठेवले. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला उचकी. मग चूळ, पाव, पाच मिनिटं आणि पुन्हा नवे तीन पेले. असं दहा वेळा केलं आणि दहाही वेळा उचकी बरोबर त्याच पेल्याला आली. शिवानी टाळ्या पिटत प्रयोगशाळेभर नाचली, मीनाबाईच्या गळ्यात पडली, आणि चष्मा धुण्याच्या पाण्यात पाडला.

"मावशी, तुम्ही पॅनेलवर बसा. माळीकाकांचं तोंड आलंय, त्यांची खुर्ची रिकामीच आहे. अठरा तारखेला बाहेरचे परीक्षक येणार, त्यांच्यासमोर चाचणी करायचीय."

मीनाबाईचा चेहरा उतरला. "न्हाय बाळ," ती म्हणाली. "ते जमायचं न्हाय. हंबीरभाऊजी शेजारी बसनार. ते बघतील आन् सांजच्याला गल्लीभर हुईल. साठ घरं माझ्या हातची चटणी खात्यात. जिला सोताला सोसत न्हाय तिच्या हातची चटणी कोन घील मग? आमचं मालक कारखान्यात काय सांगत्यात तुला ठाऊक न्हाय. मला तेवढंच एक नाव हाय गं."

शिवानीने फार आग्रह केला नाही. तिला वाईट वाटलं, पण तिला कळलं.

सोळा तारखेला मीनाबाई टेबल पुसत होती. शिवानीने परीक्षकांसाठी लिहिलेला मसुदा तिथेच पडला होता. सातवीपर्यंत शिकलेली बाई, अक्षराला अक्षर लावून वाचायची. कागदावर लिहिलं होतं, 'सदर मिरचीत तिखटपणा आढळून आला नाही.' मीनाबाईने ते दोनदा वाचलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. संकेश्वरीत तिखट नाही? वीस वर्षं जी मिरची तिच्या जिभेवर नाचली, तिच्यावर असा आळ? उद्या हे छापून येणार, शिकलेले लोक ते खरं मानणार, आणि का, तर पाच मिशाळ माणसांना खरं लिहायची लाज वाटली म्हणून. आणि सहावी ती स्वतः, तीही त्यातलीच. तिला स्वतःचाच राग आला. फडकं बादलीत टाकून ती थेट शिवानीपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "त्या माळ्याची खुर्ची पूस. मी बसती."

अठरा तारखेला परीक्षक आले. बारीक अंगाचे, गंभीर गृहस्थ, कोपऱ्यात वही घेऊन बसले. आडोसे त्यांनी काढायला लावले, त्यांना सगळ्यांचे चेहरे बघायचे होते. हंबीरराव, त्याच्या शेजारी मीनाबाई, मग बाळासो आणि बाकीचे दोघे. पहिला पेला आला. मीनाबाईने घोट घेतला. तिने तोंड घट्ट मिटून धरलं, पण उचकी काय कुणाच्या बापाचं ऐकते? सगळ्या खोलीला ऐकू आली.

हंबीररावाने मिशीत हसून हळूच विचारलं, "काय वैनी, माहेरची तार?"

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. मीनाबाईने पेन्सिल उचलली, कागदावर 'लागलं' असं लिहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "न्हाय भाऊजी. आई जाऊन आठ वर्सं झाली. मावशीला माझी आठवण काढायला सवड न्हाय. मला तिखाट लागलं. लगीन झाल्यापास्नं रोज लागतंय. चटणीबी मी ह्या उचक्या मोजूनच घालती, तीन झाल्या की बरुबर."

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. हंबीररावाने तिच्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली केली. दुसरा पेला गेला, तिसरा, चौथा, मीनाबाईच्या उचक्या चालूच होत्या आणि बाकीच्यांचे कागद 'न्हाय' म्हणत होते. सहाव्या पेल्याला हंबीररावाच्या नाकातनं पाणी यायला लागलं. तो रुमाल शोधत होता. त्याने 'लाग' एवढं लिहिलं, थांबला, मीनाबाईच्या कागदाकडे बघितलं, ती सरळ ताठ बसली होती. मग त्याने सुस्कारा सोडला आणि लिहून टाकलं, 'लागलं. लई लागलं.' ते डोकावून बघितल्यावर बाळासोंनी टकलावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "मग मीच कशाला मरू?" त्यांनीही लिहिलं, 'लागलं.' पाचात तीन झाले. शिवानीने फळ्यावर आकडा लिहिला, वीस हजार पट, आणि उदयसिंह सर खुर्चीतनं उठून उगाचच दोनदा खाली बसले. परीक्षक म्हणाले, "एकमेकांच्या कागदात डोकावून चालत नाही, उद्या आडोसे लावून पुन्हा करा." दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. एकदा खरं लिहायची भीड मोडली होती, त्यामुळे आडोशातूनही आकडा तोच आला.

पण गल्लीने आकडा ऐकला नाही, उचकी ऐकली. अठरा तारखेला मीनाबाई घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. झुंबरबाई दारातच उभी होती. "बावीस वर्सं," ती गरजली, "बावीस वर्सं मी समद्यास्नी सांगतीया, वडगावची मानसं लई मायाळू म्हनून." आणि फणकाऱ्याने आत गेली. केरबा जेवला, हात धुतला आणि तिच्याकडे न बघताच बाहेर गेला. मीनाबाईला तेच जास्त लागलं.

पाडवा झाला. दर वर्षी पाडवा झाला की बायका मिरच्यांची पोती घेऊन तिच्या दारात यायच्या. यंदा कुणी आलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. कुणीतरी सांगितलं, दोघीतिघींनी सदर बाजारातल्या एका बाईकडे चटणी टाकली. मीनाबाई मोकळ्या दारात बसायची आणि तिला रडू यायचं. शिवानीचा प्रबंध मार्गी लागला याचा आनंद होता, पण आपलं नाव गेलं याचं दुःख त्याहून मोठं होतं, आणि ती ते लपवतही नव्हती.

मग एका सकाळी हंबीररावाची बायको धोंडुबाई आली. डोक्यावर पोतं, पाठीमागे आणखी चौघी. पोतं दारात आपटून ती म्हणाली, "मीनाबाई, आमची दोन उचक्यांची कर."

"आँ?"

"दोन. तीन आमच्या मालकास्नी झेपत न्हाय. वीस वर्सं हा बाबा ड्युटीवर दही चोरून खातोय, आता कबूल केलं. ती सदर बाजारची अंदाजानं घालती. तू मोजून घालतीस म्हनं, त्या परीक्षकानं सोता सांगिटलं ह्यांना. मग अंदाजाची कशाला घ्यू मी?"

मागची बाई म्हणाली, "माझी अडीच." तिसरी म्हणाली, "माझी चार, आमच्याकडं पावणं लई येत्यात, पुन्हा यायला नकोत." संध्याकाळपर्यंत दारात चौदा पोती लागली आणि मीनाबाईची लेक प्रीती पाटीवर नावं आणि उचक्या लिहून घेत बसली. दाराआड जायची गरज उरली नव्हती. मीनाबाई उंबऱ्यावर बसून, सगळ्यांच्या देखत काडी जिभेला लावत होती, आणि गल्लीतल्या बायका एका सुरात मोजत होत्या, "एक... दोन..."

केरबा कामावरनं आला आणि ही गर्दी बघून थबकला. सगळ्या गेल्यावर तो पाटी हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचत बसला.

"आन् घरची?" त्याने विचारलं.

"तीन," मीनाबाई म्हणाली. "तुमाला लागती तशी."

केरबाने मान खाजवली. आत आई जागी आहे का ते बघितलं. मग खाली बसून हळू आवाजात म्हणाला, "मला कुठं तीनची लागती? तू आवडीनं खातीस आसं वाटायचं म्हनून मी गप खात हुतो. एकच कर."

मीनाबाईने खोबऱ्याची आणखी एक वाटी किसायला घेतली.